सामुदायिक बँक (ऑस्ट्रेलिया)

गावातील वा उपनगरातील रहिवाशांनी भागभांडवल उभारून काढलेल्या स्थानिक कंपनीमार्फत, बेंडिगो बँकेच्या परवान्याखाली चालणारी बँकशाखा. व्हिक्टोरिया राज्यातील रुपन्यप व मिनयिप या शेजारच्या गावांत जून १९९८ मध्ये अशी पहिली शाखा सुरू झाली. आज देशभर अशा सुमारे ३०० शाखा आहेत. काटेकोर अर्थाने ही बँक नव्हे. ठेवी स्वीकारण्याचा परवाना, कर्जमंजुरीचा अंतिम अधिकार आणि बुडीत कर्जाची जोखीम बेंडिगो बँकेकडेच असते. गावाच्या मालकीचा असतो तो शाखेचा धंदा. महाराष्ट्रातील वाचकाला येथे नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्था आठवणे साहजिक आहे, पण कायद्याने ही सहकारी संस्था नाही, कंपनी कायद्याखाली नोंदलेली सार्वजनिक कंपनी आहे. मतदान मात्र सहकारी धर्तीवर, म्हणजे भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत.

पार्श्वभूमी : ऑस्ट्रेलियन डॉलरचा दर डिसेंबर १९८३ मध्ये बाजारावर सोडण्यात आला व १९८५ पासून परदेशी बँकांना प्रवेश मिळाला. स्पर्धा वाढताच मोठ्या बँकांना कमी उलाढालीच्या शाखा नकोशा झाल्या. व्हिक्टोरियात याला आणखी एक कारण होते. बहुतेक लहान गावांत शाखा असलेली स्टेट बँक ऑफ व्हिक्टोरिया अडचणीत येऊन १९९० मध्ये कॉमनवेल्थ बँकेला विकली गेली आणि एकाच गावातील दोन शाखांपैकी एक अनावश्यक ठरली. त्याच वर्षी जिलाँग येथील पिरॅमिड बिल्डिंग सोसायटी कोसळली, त्यामुळे स्थानिक वित्तसंस्थांवरचा विश्वासही डळमळला. १९९३ ते २००० या काळात देशात सुमारे २,००० बँकशाखा बंद झाल्याचे सामान्यतः मानले जाते. प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने मार्च १९९९ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली, पण तोवर पहिली सामुदायिक शाखा उघडून नऊ महिने झाले होते.

शाखा गेल्याचा फटका केवळ खातेदारांना बसत नसे. रुपन्यप व मिनयिप ज्यात येतात त्या विमेरा भागातला शेतकरी धनादेश भरायला हॉर्शम या मोठ्या गावी गेला, की किराणा, औषधे, ट्रॅक्टरचे सुटे भागही तिथूनच घेऊन येई. गावातल्या दुकानदाराला दिवसाची रोकड ठेवायला जागा उरत नसे. (हा गहू आणि कडधान्यांचा मुलूख. ऑस्ट्रेलियातून भारतात येणाऱ्या मसुरीच्या पिकाचे हे एक मुख्य क्षेत्र.)

उगम : ही कल्पना मूळ कोणाची, याबद्दल एकमत नाही. प्रचलित मत तिचे श्रेय बेंडिगो बँकेला, विशेषतः १९८८ ते २००९ या काळात तिचे प्रमुख असलेल्या रॉब हंट यांना देते. ही बँक सोन्याच्या खाणींच्या काळात, १८५८ मध्ये, बेंडिगो शहरात गृहबांधणी संस्था म्हणून स्थापन झाली व १९९५ मध्ये तिला बँकेचा दर्जा मिळाला. नव्या बँकेला स्वतःचे भांडवल न गुंतवता शाखांचे जाळे वाढवायचे होते आणि गावांना शाखा हवी होती. दोघांची गरज जुळली, असा या मताचा गाभा आहे.

दुसरे मत रुपन्यप व मिनयिपच्या रहिवाशांना अग्रमान देते. काही शे वस्तीच्या दोन गावांनी एकत्र येऊन ‘रुपन्यप/मिनयिप फायनान्स ग्रुप लिमिटेड’ ही कंपनी काढली नसती, तर आराखडा कागदावरच राहिला असता, असे हे अभ्यासक म्हणतात. शेजारच्या गावांत फुटबॉलच्या मैदानापासून चुरस असते, हे लक्षात घेता जोडशाखेला राजी होणे ही लहान गोष्ट नव्हती.

तिसऱ्या मतानुसार दोन्ही पक्षांनी जुन्याच परंपरेला नवे रूप दिले. मरे नदीकाठच्या रेनमार्क येथे १८९७ मध्ये गावाच्या मालकीचे हॉटेल सुरू झाले. मद्यविक्रीचा नफा खासगी मालकाकडे न जाता गावाकडे यावा, हा त्यामागचा हेतू. स्वीडनमधील गोथेनबर्ग पद्धतीचा (मद्यविक्री लोकहितासाठी चालणाऱ्या संस्थेकडे सोपविण्याच्या पद्धतीचा) प्रभाव त्यावर दाखवला जातो. पुढे साउथ ऑस्ट्रेलियात बेरी, लॉक्स्टन, बार्मेरा, वायकेरी अशा गावांनी हाच मार्ग धरला. बारोसा खोऱ्यातील नुरिऊट्पा येथे १९४४ मध्ये गावाच्या मालकीचे सहकारी दुकान सुरू झाले. या उपक्रमांचा बेंडिगोच्या आराखड्यावर थेट प्रभाव पडल्याचा लेखी पुरावा पुढे आलेला नाही, पण नफा गावात परत आणण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. त्याहून जवळचा पूर्वसूरी म्हणजे १९९५ चा ‘क्रेडिटकेअर’ हा शासकीय कार्यक्रम. बँक गमावलेल्या गावांत पतसंस्थांमार्फत सेवा पोहोचविण्याचे काम त्याने केले, पण त्यात गावाची मालकी नव्हती. मालकीसाठी गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे जोखमीत घालणे, हा नवा भाग १९९८ मध्येच दिसतो. त्यामुळे पहिल्या दोन मतांचा मेळ घालणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचना : प्रथम गावात सुकाणू समिती बनते. समितीचे सदस्य दारोदार जाऊन भाग घेण्याची वचने गोळा करतात. पुरेशी वचने मिळाली की व्यवहार्यता अहवाल, मग रीतसर माहितीपत्रक काढून भागविक्री होते. साधारणपणे काही लाख डॉलर उभे करावे लागतात. कंपनी बेंडिगो बँकेशी पाच वर्षांचा, नूतनीकरणाची तरतूद असलेला फ्रँचाइझ करार करते. जागेचे भाडे व पगार कंपनी भरते. संगणकप्रणाली, वित्तीय उत्पादने आणि नियामकांपुढील जबाबदारी बँकेची. ठेवीदारांना शासनाची प्रतिव्यक्ती २,५०,००० डॉलरची हमी मिळते तीही बेंडिगो बँकेचे ठेवीदार म्हणूनच.

कंपनी बाहेरच्याच्या हाती जाऊ नये म्हणून नियमावलीत तीन कुंपणे असतात : कोणाही एकाकडे दहा टक्क्यांहून अधिक भाग नसावेत, भागधारकाचा त्या परिसराशी निकटचा संबंध असावा, आणि भागधारकांची संख्या ठरावीक किमान आकड्याखाली जाऊ नये. लाभांशावरही मर्यादा आहे. वाटपयोग्य नफ्याचे वीस टक्के किंवा भांडवलावर ९० दिवसांच्या बँक हुंडीचा (अल्पमुदतीच्या बाजारव्याजाचा) सरासरी दर अधिक पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढीच भागधारकांना देता येते, उरलेला नफा गावाच्या कामांसाठी असतो. व्याजदर चढे असताना हा दुसरा पर्याय लागू पडतो, हे सर्वसाधारण वर्णनांत सहसा सुटते. त्यामुळे ‘ऐंशी टक्के गावाला’ हे प्रसिद्ध सूत्र कमाल मर्यादा म्हणून वाचावे.

उत्पन्न तीन वाटांनी येते : कर्ज व ठेव यांच्या व्याजातील फरकाचा हिस्सा, काही उत्पादनांवरील दलाली आणि सेवाशुल्क. यांतली दलाली वादाची ठरली. उत्पन्न निम्मेनिम्मे वाटून घ्यावे असे मुळात अभिप्रेत होते. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर निधी उभारण्याचा खर्च वाढला, दलाली मात्र एक टक्क्यावर स्थिर राहिली, आणि बँकेचा वाटा निम्म्याखाली गेला. एप्रिल २०११ पासून मुदत ठेवी व स्थिर व्याजदराची गृहकर्जे यांवरील दलाली कमी करण्यात आली. गावाची मालकी कोठवर जाते, ते या प्रसंगात दिसले : दर ठरविण्याचा अधिकार तिच्यात येत नाही.

माणसे : संचालक मंडळात शेतकरी, औषधविक्रेता, निवृत्त शिक्षिका, हिशेबनीस असे लोक असतात. बहुतेक विनामोबदला काम करतात. महिन्याच्या बैठकीत आधी शाखेचा ताळेबंद, मग अर्ज : नेटबॉलच्या मैदानाला दिवे, सभागृहाच्या गळक्या छपराची दुरुस्ती, स्वयंसेवी अग्निशमन दलाला गाडी, शहरात शिकायला जाणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती. अर्जदार बहुधा संचालकाचा शेजारी किंवा नातलगच असतो, म्हणून हितसंबंध जाहीर करून खोलीबाहेर जाण्याचा नियम पाळावा लागतो. शाखा व्यवस्थापकाचे काम दुहेरी असते, कारण तो कर्जेही आणतो आणि क्लबांच्या कार्यक्रमांना हजेरीही लावतो. एकूण ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम या मार्गाने गावांकडे वळली आहे. मोठ्या देणग्यांचे नियोजन २००५ मध्ये स्थापन झालेल्या एका धर्मादाय प्रतिष्ठानामार्फत होते.

प्रसार व टीका : मेलबर्नच्या वेशीवरील अपवे येथे १९९८ मध्येच शाखा निघाली आणि ही योजना निव्वळ ग्रामीण राहिली नाही. २००७ मध्ये बेंडिगो व अ‍ॅडलेड या बँकांचे विलीनीकरण झाले. गावाच्या मालकीचे इतर उपक्रमही याच सुमारास दिसू लागले. यॅकनडांडा येथे २००२ मध्ये बंद पडू पाहणारा पेट्रोलपंप रहिवाशांनी कंपनी काढून हाती घेतला. लेनर्ड्स हिल येथे २०११ मध्ये दोन पवनचक्क्यांचा (४.१ मेगावॉट) सहकारी प्रकल्प सुरू झाला व त्यास बेंडिगो बँकेचे कर्ज मिळाले.

टीकाकारांच्या मते शहरांना आपोआप मिळणाऱ्या सेवेसाठी गावांना वेगळे भांडवल मोजावे लागते आणि संचालकांच्या फुकट श्रमांचा फायदा एका सूचिबद्ध बँकेला होतो. भाग घेण्याची ऐपत नसलेल्या वस्त्या, विशेषतः दूरच्या आदिवासी वस्त्या, या योजनेच्या कक्षेत फारशा आल्या नाहीत. शाखाबंदी मात्र थांबली नाही. सिनेटच्या समितीने मे २०२४ च्या अहवालात सार्वजनिक मालकीच्या बँकेची व्यवहार्यता तपासण्याची शिफारस केली.