नेट जाणे (घरगुती इंटरनेट जोडणीतील दोषशोध)

घरातील संगणक, मोबाइल, टीव्ही यांना इंटरनेटशी जोडणारी साखळी पूर्णपणे किंवा अधूनमधून तुटणे, तसेच ती नेमकी कोठे तुटली हे शोधून काढण्याची रीत. ‘नेट जाणे’ हा प्रयोग ‘लाइट जाणे’, ‘पाणी जाणे’ यांच्या चालीवर रुळला असावा. जोर किंवा दाब या अर्थी मराठीत जुना असलेला ‘नेट’ (नेट लावणे, नेटाने) वेगळा. त्याचा येथे संबंध नाही. कोल्हापूर परिसरात तक्रार बहुधा तीन प्रकारे ऐकू येते : ‘नेट गेलंय’, ‘नेट हाय पण पळंना’ आणि ‘येतंय-जातंय’. बोलीतली ही विभागणी तांत्रिक दृष्ट्याही बरीचशी बरोबर आहे. पहिल्या प्रकारात दुवाच तुटलेला असतो. दुसऱ्यात दुवा शाबूत असतो, पण गर्दी तरी असते किंवा संकेत क्षीण झालेला असतो. तिसरा म्हणजे खंडित दोष. तंत्रज्ञ दारात येईपर्यंत तो नाहीसा झालेला असतो.

साखळी अशी : खांबावरून घरात उतरणारी फायबर (प्रकाश वाहणारा काचेचा तंतू), तिच्या टोकाचा, प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा ओएनटी (घरोघर त्याला ‘मोडेम’ किंवा नुसता ‘डबा’ म्हणतात), राउटर, त्यापुढे लॅन केबल किंवा वायफाय आणि शेवटी उपकरण. हल्ली ओएनटी व राउटर बहुधा एकाच डब्यात असतात, त्यामुळे दोघांचे दोष एकमेकांच्या नावावर खपतात.

पूर्वपीठिका : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला. २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट झाली. तांब्याच्या टेलिफोन तारेवरील जोडणीच्या काळात पावसाळा आणि नेट जाणे यांचे नाते थेट होते. जोडात पाणी शिरले की फोनवर खरखर येई आणि त्याच वेळी मोडेमचा दिवा लुकलुकू लागे. त्यानंतर गच्चीवरून गच्चीवर ताणलेल्या लॅन केबलींचा काळ आला. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली, की अशा केबलीला लावलेले पोर्ट एका रात्रीत जळत.

पिंग : दोषशोधाचे मुख्य साधन म्हणजे पिंग ही छोटी आज्ञावली. ती समोरच्या यंत्राला माहितीचे एक पुडके (पॅकेट) पाठवते आणि उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले ते सांगते. माइक म्यूस यांनी अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. ज्या प्रतिध्वनी-संदेशावर (पाठवलेले तसेच परत मागणाऱ्या संदेशावर) ती चालते त्याचा नियमसंच सप्टेंबर १९८१ चा, म्हणजे आधीचा आहे. नावाच्या व्युत्पत्तीबाबत दोन मते आढळतात. एका मतानुसार हे ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ या शब्दांचे आद्याक्षररूप होय. हा विस्तार डेव्हिड मिल्स यांच्या नावावर आहे. दुसरे मत खुद्द म्यूस यांचे : पाणबुडीतील सोनार (ध्वनिलहरींनी वस्तू शोधणारे यंत्र) याच्या टणत्कारावरून त्यांनी हे नाव ठेवले. मिल्स यांनी प्रतिध्वनी-संदेशाने विलंब मोजण्याची गोष्ट काढली होती आणि तीवरून आपल्याला कल्पना सुचली, हे म्यूस मान्य करतात. मात्र शब्दविस्तार मागाहून बसवलेला दिसतो. कर्त्याची साक्ष उपलब्ध असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुडक्याच्या वाटेवरील एकेक टप्पा दाखवणारी ट्रेसराउट ही आज्ञावली व्हॅन जेकबसन यांची असून तिचा काळ १९८७-८८ च्या सुमाराचा मानता येईल.

पिंगचा खरा उपयोग सीमा ठरवण्यासाठी आहे. आधी राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१) पिंग करावे, मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला (उदा., ८.८.८.८) आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने. केबलीने जोडलेल्या संगणकाला राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते, वायफायवर काही मिलिसेकंदांत. तेच उत्तर दोनशेवर उडी मारत असेल किंवा मधूनच गळत असेल, तर दोष घरातच आहे. बाहेरच्या तारेला, म्हणजेच केबलवाल्याला, बोल लावण्यात अर्थ नाही. राउटर नीट बोलतो पण अंकी पत्ता बोलत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे. अंकी पत्ता बोलतो पण नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, अडली आहे. हीही १९८३ चीच, पॉल मोकापेट्रिस यांची.

डबा बंद करून चालू करावा की नाही, यावर जाणकारांत एकवाक्यता नाही. आधी तेच करावे असे एक पक्ष म्हणतो. बहुतेक वेळा नेट येते हा त्याचा आधार. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की चालू-बंद करताच राउटरमधील नोंदी पुसल्या जातात आणि दोष का आला ते कळण्याची वाट बंद होते. येणाऱ्या-जाणाऱ्या नेटच्या बाबतीत दुसरा पक्ष सयुक्तिक दिसतो. निदान राउटरच्या पानावरील (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या) ‘अपटाइम’, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे, हा आकडा आधी टिपून घ्यावा. कोणी हात न लावता तो वीसच मिनिटे दाखवत असेल, तर राउटर स्वतःहून बंद पडतो आहे. इंटरनेटचा नव्हे, विजेचा प्रश्न आहे. सकाळी नळाला पाणी येते, खालच्या टाकीची मोटर सुरू होते, व्होल्टेज क्षणभर खाली जाते आणि जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर तो धक्का पेलत नाही, हा यातला नेहमीचा प्रकार. नेट रोज सकाळी त्याच वेळी जाते, म्हणून घरचे ‘कंपनीवाल्यां’ना फोन लावत राहतात.

फायबरचे दोष : सध्याच्या घरगुती फायबर जोडण्यांत जीपॉन ही पद्धत फार आढळते. तिच्यात एकाच फायबरमधून घराकडे येताना १४९० नॅनोमीटर व जाताना १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. येणारा वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट व जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट असून तो एका फायबरवरील सर्व घरांत वाटला जातो. वाटणी करणारा स्प्लिटर विजेवर चालत नाही. प्रकाश दोन भागांत वाटला की सुमारे ३ डेसिबल, आठ भागांत वाटला की साधारण १० डेसिबल घट होते. प्रचलित वर्गातील ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे मिलिवॉटच्या सुमारे दोन सहस्रांश इतकाच, प्रकाश पुरतो. त्याखाली ‘लॉस’ हा लाल दिवा लागतो. घातक अवस्था मात्र लाल दिव्याची नव्हे, त्याच्या उंबरठ्यावरची. उणे २६-२७ च्या आसपास रेंगाळणारी जोडणी दिवसा चालते, रात्री तुटते आणि दिवा हिरवाच दिसतो. हा आकडा बऱ्याच ओएनटींच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ या नावाने पाहता येतो. उणे १५ ते २५ च्या दरम्यान असल्यास चिंता नको.

प्रकाश गळण्याचे घरातले कारण बहुधा क्षुल्लक असते. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी कपाटामागे दाबली जाते. लोखंडी कपाट भिंतीला सरकवले, की हिरव्या टोपणाच्या कनेक्टरलगत दोरीला कोन पडतो. साध्या फायबरला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येहून तीव्र वळण सोसत नाही. घरगुती वापराच्या सुधारित जातींना १० किंवा ७.५ मिलिमीटर चालते. वळणाचा फटका लांब तरंगांना अधिक बसतो, म्हणून येणारा प्रकाश आधी क्षीण होतो आणि जाणारा टिकून राहतो. कनेक्टरच्या टोकावर बोट लागले तरी पुरते. ते टोक फुंकर मारून पुसणे चुकीचे. उंदरांविषयी वेगळे सांगणे नको.

लॅन केबल : वेग नेमका सेकंदाला ९०-९५ मेगाबिटला अडत असेल, तर दोष योजनेत न शोधता तारेत शोधावा. १०० मेगाबिटला चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक बारीक तार तुटली की जोडणी चालू राहते, पण खालच्या वेगावर उतरते. प्लगची जीभ मोडलेली असेल तर टेबल हलताच नेट जाते.

वायफाय : कोल्हापुरातील शिवाजी पेठ, मंगळवार पेठ येथील जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती संकेत अडवतात, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला तर अधिकच. माजघरातून सोप्यात येताना रेंज मरते ती यामुळे. राजारामपुरीच्या गल्ल्यांत अडचण उलटी : भिंती पातळ, पण शेजाऱ्यांचे राउटर फार. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच, १, ६ व ११. कोणी ३ किंवा ४ निवडली, की दोन्हीकडच्यांचे बिघडते. राउटर देवघराच्या कोनाड्यात किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नये.

वरच्या मजल्यासाठी जुना राउटर जोडण्याची चाल सर्रास आहे. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरतात आणि दोन्ही इतरांना पत्ते वाटू लागतात. मग एखादा मोबाइल चालतो, दुसरा चालत नाही, उद्या उलट होते. दुसऱ्याचा पत्ता बदलून त्याची डीएचसीपी ही वाटपसेवा बंद करावी आणि तार त्याच्या लॅन पोर्टात लावावी. उपकरणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर कोणीच पत्ता दिलेला नाही असे समजावे.

‘पळंना’ हा दोष पुष्कळदा जाणाऱ्या (अपलोडच्या) बाजूच्या गर्दीचा असतो. लग्नाचे फोटो ऑनलाइन साठवणुकीवर चढत असताना राउटरच्या रांगेत पुडकी साचतात आणि पिंग १० वरून ५०० मिलिसेकंदांवर जाते. या साचण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास बफरब्लोट हे नाव रूढ केले. उपाय म्हणजे राउटरवर जाणाऱ्या वेगाला जोडणीच्या कमाल मर्यादेच्या थोडी खाली वेसण घालणे.

पूरकाळ : पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा व ४३ फूट धोका. २०१९ व २०२१ च्या महापुरांत सखल भागांत पाणी शिरले होते. काचेच्या तंतूला पाण्याने फारसे होत नाही. बिघडतात ते जोडपेट्या, कनेक्टर आणि विजेवरची यंत्रे. पाणी ओसरल्यावर ओएनटी पूर्ण वाळेपर्यंत त्याला वीज देऊ नये. चिखल गेलेला कनेक्टर पुसत न बसता कापून नवा बसवतात.