तंत्रज्ञान हस्तांतरण : पुणे परिसरातील परकीय सहयोग

तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे एखादी वस्तू बनवण्याचे ज्ञान एका देशातील उद्योगाकडून किंवा संस्थेकडून दुसऱ्या देशातील उद्योगाच्या हाती जाणे. विकसनशील देशांत हे ज्ञान बहुधा परकीय भांडवलाच्या सोबतीने येते, त्यामुळे दोन्हींचे धोरण एकत्रच आखले जाते. परवाना घेऊन रॉयल्टी (विक्रीच्या प्रमाणात द्यायचा मोबदला) भरणे, भागीदारीत कंपनी काढणे, परकीय कंपनीने स्वतःच्या पूर्ण मालकीचा कारखाना टाकणे, नुसती यंत्रे विकत घेणे, असे याचे अनेक मार्ग आहेत आणि पुण्यात ते सगळेच वापरले गेले. खडकी-दापोडीपासून पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण-तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात भारताच्या धोरणाची सत्तर वर्षे कारखान्यांच्या रूपाने उभी आहेत. इथल्या कारखानदारांच्या तोंडी या साऱ्यासाठी एकच शब्द असतो, ‘कोलॅबोरेशन’.

करारात लिहून देता येते ते ‘कसे करायचे’ याचे ज्ञान : ड्रॉइंग, प्रक्रियेचे तक्ते, पोलादाची ग्रेड, उष्णतासंस्काराचे तापमान. ‘असेच का करायचे’ हे ज्ञान कागदावर फारसे उतरत नाही, आणि विकणाऱ्याला ते सहसा द्यायचेही नसते. पहिले हाती आले की उत्पादन सुरू होते. दुसरे आले तर वस्तू आपल्या रस्त्यांना आणि आपल्या गिऱ्हाइकाला साजेशी बदलता येते. कोणत्याही सहयोगाकडे पाहताना करार संपल्यावर काय उरले, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत तोच धरला आहे.

स्वतंत्र भारताची सुरुवातीची भूमिका सावध होती. एप्रिल १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी संसदेत परकीय भांडवलाबाबत निवेदन केले : भेदभाव होणार नाही, नफा मायदेशी नेता येईल, राष्ट्रीयीकरण झाल्यास योग्य भरपाई मिळेल, मात्र मालकीचा मोठा हिस्सा आणि नियंत्रण सर्वसाधारणपणे भारतीयांकडे राहील. पुढे परकीय चलनाची टंचाई वाढत गेली तसे नियम आवळले. १९७० च्या पेटंट कायद्याने खुद्द औषधावर पेटंट देणे बंद केले, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेचे ठेवले. १९७३ च्या ‘फेरा’ म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक कंपन्यांत परकीय हिस्सा ४० टक्क्यांवर आणला.

पुण्यातील पहिला मोठा सहयोग खासगी कंपनीचा नव्हता. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाली व १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. आयात औषध परवडत नसलेल्या देशाला हे फार मोठे होते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की कारखान्यासोबत संशोधनही उभे राहिले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले. ते तयार करणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी हे नाव सूक्ष्मजीवशास्त्रात गेले आहे, हे आज पिंपरीत राहणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल! पुढे ही कंपनी आजारी पडली. पण शिकलेले ज्ञान नव्या शोधात उतरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण या परिसरात दुसरे नाही.

वाहनउद्योगाची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे. बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मनीच्या ‘टेम्पो’ कंपनीच्या सहयोगाने तीनचाकी मालवाहू गाडी आणली. ती मूळ जर्मन कंपनी कधीच लयाला गेली, पण मराठीत छोट्या मालगाडीला आजही ‘टेम्पो’च म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. कमिन्स ही अमेरिकी कंपनी आणि किर्लोस्कर यांनी १९६२ मध्ये भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स काढून कोथरूडला डिझेल इंजिने बनवायला घेतली. बजाज ऑटोने इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर आकुर्डीत स्कूटर केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. परकीय नावाविना गाडी चालू शकते, हे चेतकने दाखवले. स्पर्धा नसेल तर गाडी वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही आणि गिऱ्हाईक नंबर लावून वाट पाहत बसते, हेही तिनेच दाखवले. संरक्षणाच्या धोरणाचे गुणगान करताना ती प्रतीक्षायादी विसरून चालणार नाही.

या काळातले शिक्षण प्रत्यक्ष कुठे झाले, ते पाहायचे तर भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये जावे लागते. मोठ्या कंपनीकडून सुटा भाग बनवण्याची ऑर्डर आली की सोबत ड्रॉइंगची अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेली नक्कल, यायची, निळसर रेषांची, नाकात जाणाऱ्या वासाची. जर्मन घराण्यातले ड्रॉइंग ‘फर्स्ट अँगल’चे आणि मिलिमीटरमध्ये, अमेरिकी घराण्यातले ‘थर्ड अँगल’चे आणि इंचात. फर्स्ट अँगलमध्ये वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडेच. कोपऱ्यातल्या छाटलेल्या शंकूची खूण न पाहता ब्रॅकेट बनवला, तर भोक नेमके उलट्या बाजूला पडते आणि सगळा लॉट भंगारात जातो. त्यात जर्मन ड्रॉइंगवर पोलादाची ग्रेड जर्मन मानकाची, आणि बाजारात मिळणार ब्रिटिश पद्धतीचे ‘ईएन-आठ’ किंवा ‘ईएन-चोवीस’. कोणत्या ग्रेडला कोणती चालेल, हे टर्नर, फिटर आणि टूलरूमचा (साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागाचा) मेस्त्री यांनी काम करता करता बसवले. दोन खंडांची ड्रॉइंगे सहज वाचणारी माणसे ही या पट्ट्याची खरी कमाई आहे. ती गुंतवणुकीच्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, उदाहरण इथे सविस्तर पाहण्याजोगे आहे. जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी तिचा १५ वर्षांचा करार १९५४ मध्ये जमशेदपूरसाठी झाला होता. तो १९६९ मध्ये संपणार हे टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मुळगावकर जाणून होते. पुण्यात १९६६ मध्येच अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू झाले. प्रशिक्षण, टूलरूम आणि यंत्रे बनवणारा विभाग आधी उभे राहिले, आणि पुण्यातून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. आजचा कोणता गुंतवणूकदार इतकी वर्षे थांबेल? त्या थांबण्याचे फळ १९८६ मध्ये दिसले. हलक्या मालवाहू वाहनांसाठी सरकारने जपानी सहयोगांना परवानगी दिली होती आणि टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी अशी चार नावे भारतीय भागीदारांसह बाजारात होती. त्यांच्यासमोर टेल्कोने स्वतः आरेखलेली ‘४०७’ उतरवली. जास्त माल घालून खराब रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या ट्रकचालकाची गरज या गाडीने ओळखली होती. टोयोटा आणि निसान यांचे ते सहयोग पुढे मोडले, ‘४०७’ टिकली. पुढे ‘इंडिका’ मोटारीच्या वेळी (१९९८) टेल्कोने ज्ञान सुटे सुटे विकत घेतले : बाह्यरूपासाठी इटलीतील आरेखन संस्थेची मदत, आणि कारखान्यासाठी निसानचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला संच, जो उचलून पुण्याला आणला. काय विकत घ्यायचे आणि काय घरी करायचे हे ज्याला कळते, त्याला आधीच बरेच येत असते.

कधी ज्ञान मुळात नाकारलेच जाते. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि संगणकशास्त्रज्ञ विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

त्याच वर्षी, २४ जुलै १९९१ रोजी, नवे औद्योगिक धोरण आले. ३४ उद्योगगटांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय हिस्सा आपोआप मंजूर होऊ लागला. तंत्रज्ञानाच्या करारालाही एक कोटी रुपये ठोक रक्कम आणि देशांतर्गत विक्रीवर ५ टक्के, निर्यातीवर ८ टक्के रॉयल्टी या मर्यादेत वेगळी परवानगी लागेना. २००९ च्या अखेरीस रॉयल्टीची ही कमाल मर्यादाही गेली. मोटार कंपन्यांवर १९९७ मध्ये घातलेली अट, म्हणजे तीन वर्षांत ५० आणि पाच वर्षांत ७० टक्के सुटे भाग देशी असावेत ही, अमेरिका व युरोपीय संघाच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेत २००१ मध्ये नियमबाह्य ठरली. दक्षिण कोरियाने अशा अटींसारख्या ज्या हत्यारांनी आपला उद्योग घडवला, त्यांतली बरीच आता विकसनशील देशांच्या हातात नाहीत.

यानंतर चाकण-तळेगाव फुलले. मर्सिडीझ-बेंझ १९९४ मध्ये टेल्कोची भागीदार म्हणून आली, पिंपरीत जुळणी करू लागली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षी चाकणला सुरू झाला. रोजगार वाढला, पुरवठादारांची गुणवत्ता जागतिक दर्जाची झाली, हे निर्विवाद. पण कंपनी पूर्ण परकीय मालकीची असली की आरेखनाचे निर्णय बहुतांशी मूळ देशात होतात आणि इथे शिकायला उरते ते उत्पादनाचे शिस्तशास्त्र. तळेगावात जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला कारखाना २०२० च्या अखेरीस थांबवला. चीनची ग्रेट वॉल तो घेणार होती. पण एप्रिल २०२० मध्ये, भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली आणि व्यवहार बारगळला. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला.

ज्ञान उलट दिशेनेही वाहू लागले आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जने जर्मनीतील कार्ल दान पेडिंगहाउस ही फोर्जिंग (तापवलेला धातू दाबून-ठोकून भाग घडवणारी) कंपनी विकत घेतली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने (स्थापना १९६६) आफ्रिकेतील मेंदुज्वरावरची लस बनवली ती जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ ही ना-नफा आरोग्यसंस्था यांच्या प्रकल्पातून. लशीतील जोडणीचे, म्हणजे जंतूच्या शर्करेला प्रथिन जोडण्याचे, तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेचे होते आणि आफ्रिकी देशांना परवडावी म्हणून किंमत अर्ध्या डॉलरखाली ठेवण्याचे आधीच ठरले होते. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. २०१२ मध्ये सीरमने नेदरलँड्समधील बिल्टहोव्हेन बायोलॉजिकल्स घेतली. टोचून द्यायच्या पोलिओ लशीचे तंत्र तिच्याकडे होते. कोविडकाळात ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची लस परवान्यावर ‘कोविशील्ड’ नावाने इथेच बनली. एप्रिल २०२१ मध्ये मात्र सीरमच्या प्रमुखांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जाहीर विनंती करावी लागली, की लसनिर्मितीच्या कच्च्या मालावरचे निर्यातनिर्बंध उठवा. त्या मालात होत्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि गाळण्या.