विरघळणारा स्क्रू हाडाला कितपत मानवतो?

गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं की शल्यचिकित्सक हाडात बोगदा पाडून त्यात नवं लिगामेंट ओवतात. ते जागचं हलू नये म्हणून तिथे एक स्क्रू पिळतात. हा स्क्रू धातूचाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिमरचा, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे रेणू लांब साखळ्यांत जोडून बनवलेल्या प्लास्टिकचा असतो आणि त्यात कॅल्शियम फॉस्फेट या सिरॅमिकची बारीक पूड मिसळलेली असते. लिगामेंटने हाडात जम बसवला की स्क्रूचं काम संपतं. पुढे त्याने हळूहळू विरघळून जावं, एवढीच अपेक्षा.

पूड कशाला हवी? शरीरातल्या पाण्याने हे पॉलिमर तुटतं, तेव्हा लॅक्टिक आम्ल बनतं. ते काही शरीराला परकं नाही, पळताना आपल्या स्नायूंतही बनतं. पण स्क्रूच्या गाभ्यात बनलेल्या आम्लाला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ते तिथेच साचतं आणि पॉलिमर आणखी भराभर तोडतं. वरून धडधाकट दिसणारा स्क्रू आतून पोखरला जातो. शेवटी कवच फुटलं की साठलेलं आम्ल एकदम बाहेर येतं आणि आजूबाजूला सूज येते. कॅल्शियम फॉस्फेट या आम्लात विरघळतं आणि त्याची धार बोथट करतं. शिवाय त्यातून सुटणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट नव्या हाडाच्या कामी येतं.

मुळात हाड स्वतःच असं मिश्रण आहे. वजनाने सुमारे दोनतृतीयांश खनिज आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. 1980च्या दशकात लंडनमध्ये पदार्थवैज्ञानिक विल्यम बॉनफिल्ड यांनी याच धर्तीवर पॉलिएथिलीन या प्लास्टिकमध्ये हाडातल्या खनिजासारखंच असणारं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मिसळलं, आकारमानाच्या 40 टक्क्यांपर्यंत. हा पदार्थ मध्यकर्णात आणि डोळ्याच्या खोबणीत वापरला गेला. मांडीच्या हाडाइतका भार पेलणं मात्र त्याच्या आवाक्यात नव्हतं.

पॉलिएथिलीन शरीराला चालतं का, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. ठोकळा असेल तर चालतं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात तेच घासून त्याचे मायक्रॉनएवढे आणि त्याहून लहान कण सुटू लागले की भक्षकपेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या संदेश सोडत राहतात, हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांधा सैल पडतो. रसायन तेच, घात करतो तो आकार!

पॉलिमर आणि सिरॅमिकच्या अशा संकरित पदार्थात ही धास्ती दुप्पट. सिरॅमिकचा कण आणि पॉलिमर यांची पकड कच्ची असेल, तर पाणी नेमकं त्या फटीत शिरतं आणि कण सुटे होतात. पकड घट्ट करायला कणांवर सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा थर देता येतो. पण मग तपासायला तिसरं रसायन आलं. पॉलिमर बनवताना वापरलेल्या कथिलयुक्त उत्प्रेरकाचा अंशही त्यात राहू शकतो.

म्हणून चाचणी कच्च्या मालाची करून भागत नाही. वैद्यकीय साधनं शरीराला चालतात का हे तपासण्याच्या आयएसओ 10993 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार करायच्या चाचण्यांपैकी एकीत वस्तू द्रवात भिजवतात आणि तो अर्क उंदराच्या पेशींवर घालून त्या मरतात का ते पाहतात. अर्थात ती वस्तू निर्जंतुक करून झालेली हवी. कारण निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरण वापरले, तर ते पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साखळ्याही तोडतात, आणि पाकिटातून निघणारा स्क्रू साच्यातून निघालेल्या स्क्रूपेक्षा लवकर विरघळतो.