केस काथ्यासारखे झालेत? आणखी प्रोटीन लावायच्या आधी हे वाचा

मागच्या जानेवारीत माझी मावसबहीण नाशिकला गंगापूर रोडला घरी आली आणि म्हणाली ताई केस बघ ना, हात लावला तर खरंच नारळाच्या काथ्यासारखे, कंगवा टोकाशी आला की कट् कट् आवाज. कलर केलेले केस. पार्लरमध्ये सांगितलं प्रोटीन कमी झालंय, म्हणून ही तीन महिने दर रविवारी अंडं लावायची आणि वरून केराटिन (केस ज्याचा बनतो ते प्रोटीन) मास्क.

आता अंड्याचं बघा, त्यातलं मुख्य प्रोटीन ओव्हाल्ब्युमिन, सुमारे ४५,००० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू, तो केसाच्या आत शिरतच नाही, वर थर बसतो आणि धुतला की जातो. मास्कमध्ये असतं ते हायड्रोलाइज्ड प्रोटीन, म्हणजे बारीक तुकडे केलेलं. त्यातले अगदी छोटे तुकडे आत जातात, मोठे वर चिकटून पातळ पापुद्रा करतात. कलर, ब्लीचने बाहेरच्या थराचे खवले उघडलेल्या केसाला याने आधार मिळतो. पण धडधाकट केसावर किंवा दर आठवड्याला थरावर थर चढले की केस ताठ, खरखरीत होतो आणि वाकवला की तुटतो.

मॉइश्चर म्हणजे केसात पाणी भरणं, हा गैरसमजही खूप आहे. केस पाण्यात ठेवला तर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३०% पाणी पितो, जाडीने फुगतो, आणि खराब झालेला केस तर जास्तच पितो! त्यामुळे कंडिशनर पाणी भरतो असं नाही. खराब केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधल्या बेहेंट्रिमोनियम क्लोराइडसारख्या घटकावर धन भार, म्हणून तो नेमका तिथेच चिकटतो, जोडीला सिटिल अल्कोहोलसारखे स्निग्ध घटक असतात, घर्षण कमी होतं आणि आपल्याला केस मऊ लागतो.

घरी अंदाज घ्यायचा तर गळलेला एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. थोडा ताणून परत आला तर उत्तम. च्युइंगगमसारखा लांबतच गेला आणि परत आलाच नाही तर प्रोटीन द्या. ताणायच्या आधीच तुटला तर प्रोटीन बंद, कंडिशनर वाढवा.

आणि आपल्या नाशिककरांनी पाणी विसरू नका. बऱ्याच सोसायट्यांमध्ये बोअरचं पाणी येतं, नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतो ना, तोच कॅल्शियम मॅग्नेशियमचा थर केसावरही बसतो आणि केस अगदी प्रोटीन जास्त झाल्यासारखाच ताठ लागतो, त्यात इथली कोरडी थंडी, मग दोष नेमका कशाचा हे कळतच नाही. ईडीटीए (कॅल्शियमसारखी खनिजं पकडून ठेवणारं रसायन) असलेला शाम्पू हा थर सोडवतो.

बहिणीचा मास्क आणि अंडं दोन्ही बंद केलं, एकदा ईडीटीएवाल्या शाम्पूने धुतलं, मग प्रत्येक वेळी भरपूर कंडिशनर, आणि न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल. खोबरेलमधलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं, २००३ साली भारतीय संशोधकांनी हे मोजून दाखवलंय, आजीचं तेल लावणं उगाच नव्हतं. चौथ्यांदा न्हाल्यावर कंगवा मुळापासून अर्ध्यापर्यंत सरळ आला. खालची दोन इंच टोकं मात्र कापावीच लागली, फाटे फुटलेला केस कुठल्याच मास्कने कायमचा जुळत नाही. आता ती प्रोटीन फक्त कलर केल्यावर एकदा लावते.