धनुर्मृगया : नवशिक्याची तयारी

धनुष्यबाणाने वन्य प्राण्याची शिकार करणे म्हणजे धनुर्मृगया. प्रकार हजारो वर्षांचा जुना आहे. येथे विचार केला आहे तो अमेरिकेतील, परवाना काढून ठरावीक हंगामात होणाऱ्या आधुनिक धनुर्मृगयेचा, आणि त्यातही पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याचा. तिथला नवशिका बहुधा पांढऱ्या शेपटीच्या हरणापासून सुरुवात करतो. सगळ्या देशांत याला मुभा नाही. ब्रिटनमध्ये धनुष्याने हरीण मारणे बेकायदा आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मोजके अपवाद सोडता शिकारीलाच बंदी आहे, मग हातात बंदूक असो की तीरकमठा.

बंदुकीची गोळी आघाताने मारते, बाण कापून मारतो. हा फरक ज्याला समजला त्याला पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार, रुंद पाती असतात; त्यांना ब्रॉडहेड म्हणतात. ही पाती दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेली, तर रक्तस्रावाने हरीण काही सेकंदांतच कोसळते. तीच पाती चार बोटे मागे सरकून ओझरीत शिरली, तर ते कित्येक तास तडफडत जगते. नेम धरायची जागा जेवणाच्या ताटाएवढी असते आणि तिच्या पुढच्या अंगाला खांद्याचे जाड हाड.

त्यात अंतराचा प्रश्न येतो. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण २५० ते ३०० फूट जातो, तर आवाज सुमारे १,१०० फूट. दोरी सुटल्याचा आवाज हरणाला बाणाच्या कितीतरी आधी ऐकू येतो. दचकलेले हरीण उसळी घेण्यापूर्वी पाय दुमडून अंग खाली घेते, आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा भलतीकडे लागतो. २० यार्डांवर बाणाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, ४० यार्डांवर त्याच्या दुप्पट, आणि तेवढा वेळ हरणाला पुरतो. म्हणून पहिल्या हंगामात २० यार्ड, म्हणजे सुमारे १८ मीटर, ही हद्द मानावी. चांदमारीच्या मैदानावर ५० यार्डांवरून नेम लागतो म्हणून रानात तेवढ्या अंतरावरून बाण सोडणे हा जनावरावर अन्याय आहे.

अमेरिकेत या छंदाचे पुनरुज्जीवन झाले ते एका आदिवासी माणसामुळे. कॅलिफोर्नियातील ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा वारस इशी १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एकटा, उपाशी अवस्थेत सापडला. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. तिथल्या वैद्यकीय शाळेतील शल्यविशारद सॅक्स्टन पोप याने त्याच्याकडून धनुष्य घडवणे, बाण तासणे आणि जनावराच्या जवळ जाणे हे सारे शिकून घेतले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. ज्याच्या लोकांची कत्तल झाली त्यानेच उदार मनाने दिलेली ही विद्या आहे, हे शिकणाऱ्याने विसरू नये. पोप आणि त्याचा सोबती आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली पोप अँड यंग क्लब ही धनुर्धारी शिकाऱ्यांची संस्था स्थापन झाली. दरम्यान १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम ठेवला होता आणि इतर राज्ये हळूहळू त्याच वाटेने गेली. मिशिगनमध्ये आज धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला.

साधनांत सर्वांत मोठा बदल मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने केला. धनुष्याच्या टोकांना चाके बसवून त्याने कंपाउंड धनुष्य तयार केले. त्याचे पेटंट त्याला १९६९ मध्ये मिळाले. साध्या किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळवलेल्या) धनुष्याची दोरी पूर्ण ओढली की सगळा भार बोटांवर येतो. कंपाउंडमध्ये चाके फिरून शेवटी बहुतेक भार स्वतःवर घेतात. ६० पौंडांचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारे धनुष्य ८० टक्के भार उचलत असेल, तर पूर्ण ओढलेल्या स्थितीत हातावर १२ पौंडच राहतात. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत दोरी ताणून थांबता येते ते यामुळे, म्हणून बहुतेक नवशिके याच धनुष्यावर शिकतात. शिकारीसाठी जन्मलेले हे धनुष्य महाराष्ट्राला आता खेळातून परिचयाचे आहे : साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारातच जगज्जेते झाले.

धनुष्य अंगाला बेतून घ्यावे लागते, दुसऱ्याचे उसने चालत नाही. दोन्ही हात फैलावून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी मोजावी आणि तिला अडीचने भागावे. दोरी किती मागे ओढायची याचा ढोबळ अंदाज मिळतो. कोणता डोळा प्रबळ आहे हे धनुष्य घेण्याआधी तपासावे. भार झेपेल तेवढाच. जमिनीवर बसून, पाय उचलून, धनुष्य आभाळाकडे न नेता दोरी सरळ मागे येत नसेल, तर ते धनुष्य जड आहे. हरणासाठी किमान किती पौंडांचे धनुष्य हवे हे अनेक राज्यांनी ठरवून दिलेले आहे, बहुधा ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान. आणखी एक गोष्ट जिवावरची : बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाने न्यायची ताकद धनुष्यातच राहते आणि धनुष्याच्या भुजा फुटू शकतात.

सराव निदान उन्हाळाभर हवा. रोज शंभर बाण मारून खांदा दुखवण्यापेक्षा वीस बाण मन लावून मारलेले बरे, आणि दिवसाचा पहिला बाण सर्वांत महत्त्वाचा, कारण रानात तो एकच मिळतो. हंगामाआधी साधी टोके काढून ब्रॉडहेड लावून नेम पाहावा. दोन्हींचे बाण एकाच ठिकाणी पडतीलच असे नाही. परवान्याआधी शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम लागतो. न्यूयॉर्क, माँटॅना यांसारख्या राज्यांत धनुष्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. धनुष्यांवर केंद्र सरकारचा ११ टक्के अबकारी कर असतो आणि तो पैसा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो.

रानात बहुतेक जण झाडाला बांधलेल्या मचाणावर बसतात. यातला खरा धोका हरणाकडून नाही, पडण्याचा आहे. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा झाडाला जोडलेला असावा आणि धनुष्य नंतर दोरीने वर ओढून घ्यावे. बसायची जागा वाऱ्यावर ठरते. हरणाचे नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचे तीक्ष्ण असते. वारा त्याच्या वाटेवर जात असेल, तर त्या दिवशी मचाणावर चढूच नये. उतारावर सकाळी ऊन तापले की हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बाण सोडण्याची योग्य घडी दोनच स्थितींत येते : हरीण पूर्ण आडवे उभे असताना, किंवा किंचित पलीकडे वळलेले असताना. तोंड आपल्याकडे असेल तर थांबावे. झाडी हलली म्हणून, आवाज आला म्हणून कधीही नाही. श्रावणबाळाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला शब्दवेधाचे मोल समजावून सांगायला नको.

बाण लागल्यावर नवशिक्याचा हात थरथरतो आणि त्याला ताबडतोब खाली उतरून धावावेसे वाटते. हीच सर्वांत मोठी चूक. हरीण कुठे उभे होते आणि कुठे दिसेनासे झाले या दोन जागा नजरेत पक्क्या कराव्यात आणि निदान अर्धा तास हलू नये. मग बाण शोधून तो वाचावा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. तिथून माग काढायला हरकत नाही. काळपट लाल रक्त यकृताचे असते, अशा वेळी चार-सहा तास थांबणे भाग. हिरवट, घाण वास येणारा चोथा बाणाला लागला असेल तर ओझरी फुटली आहे, आणि आठ ते बारा तास त्या बाजूला फिरकूही नये. उठवलेले जखमी हरीण मैलभर जाऊन हरवते. माग काढताना रक्ताच्या थेंबांवर पाय न देता त्यांच्या कडेने चालावे. थेंब दिसेनासे झाले, तर शेवटच्या थेंबाशी फांदीला कागदाची चिंधी बांधावी आणि तिथून गुडघ्यांवर बसून पालापाचोळा पाहत पुढे सरकावे. काही राज्यांत यासाठी दोरी बांधलेला शिकवलेला कुत्रा आणता येतो. हरीण मिळाले की राज्याच्या नियमाप्रमाणे परवान्याची चिठ्ठी लावायची, आणि थंडी असली तरी मांस नासण्याआधी पोट साफ करायचे. ते काम बहुधा अंधारात, विजेरीच्या उजेडात होते.