ॲथलेटिक ट्रेनर व्हायचंय? बेळगाव सीमाभागातल्या पोरांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

पहिलं एक क्लिअर करू, ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये बेंच प्रेस मारायला लावणारा ट्रेनर नव्हे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा लायसन्सवाला हेल्थकेअरचा पेशा आहे, मैदानाच्या कडेला उभं राहून दुखापत टाळणं, झाली तर जागेवर ओळखणं, इमर्जन्सी सांभाळणं आणि मग खेळाडू परत उतरेपर्यंत त्याचं रिहॅब, हे सगळं त्याच्याकडे. आपल्याकडे या नावाचं वेगळं रजिस्ट्रेशन नाही, हे काम इथं बहुतेक स्पोर्ट्स फिजिओच करतो. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं निघणाऱ्यांसाठी सरळ वाट म्हणजे पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, मग बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, आणि त्यापुढे दोन फाटे, एक तर इथंच स्पोर्ट्समधलं एमपीटी (फिजिओथेरपीचं मास्टर्स) नाहीतर अमेरिकेतलं दोन वर्षांचं मास्टर्स. "डायरेक्ट अमेरिकेत बॅचलर करून ट्रेनर व्हा" असं कोण एजंट सांगत असेल तर त्याला विचारा, २०२२ च्या फॉल टर्मनंतर (ऑगस्टच्या आसपास सुरू होणारं सत्र) तिथल्या बॅचलर कोर्सना या विषयात नवीन ॲडमिशन घ्यायचीच बंदी आहे, मग हा कुठला कोर्स विकूलालाय?

पीयूसीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजे. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलंत तर उत्तम, कॉम्प्युटर घेऊन बायोलॉजी सोडलं तर बीपीटीचं दार बंद. दहावीला मार्क चांगले पडले की घरचे आणि मास्तर मिळून पोराला पीसीएमसीत (बायोलॉजीऐवजी कॉम्प्युटर) ढकलतात, तेव्हा ॲडमिशनच्या दिवशीच हे बोलून घ्या.

आता कर्नाटकातली सरकारी कोट्याची सीट. ती केईए म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत मिळते, ज्यांची सीईटी असते तेच. फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला निघतात, आणि इथंच सीमाभागातल्या पोरांची सगळ्यात जास्त गोची होते, कारण गाव कर्नाटकात, शाळा कधी इकडे कधी तिकडे. नियम असा की पहिली ते सेकंड पीयूसी यात किमान ७ शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं पाहिजे, शिवाय एसएसएलसी (दहावी) किंवा सेकंड पीयूसी यातली एक परीक्षा कर्नाटकातून पास पाहिजे. शाळा मराठी मीडियमची असली तरी चालते, मीडियमचा इथं संबंध नाही. म्हणजे दहावीपर्यंत बेळगावात शिकून अकरावी-बारावीला कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला गेला असाल तरी बसतं, खरं चंदगडला मामाकडे राहून दहावी करून बारावीपण तिकडेच केली असेल तर या अटीत बसत नाही. आणखी एक कलम आहे, फर्स्ट आणि सेकंड पीयूसी कर्नाटकात केली आणि आई किंवा वडील इथं ७ वर्षं शिकलेले असतील तर त्यातनं जाता येतं, त्यासाठी आई-वडिलांचं स्टडी सर्टिफिकेट लागतं, जे ४० वर्षांपूर्वीच्या शाळेच्या रजिस्टरातनं काढायचं म्हणजे हेडमास्तरांचा मूड बघून जायला लागतं.

फॉर्ममध्ये गडिनाडू कन्नडिग म्हणून एक कॉलम येतो. सीमा हा शब्द बघून आपली पोरं त्याला टिक मारतात. मारू नका. ते कर्नाटकाबाहेर सीमेवर राहणाऱ्या, कन्नड मातृभाषा असलेल्या मुलांसाठी आहे, बेळगावच्या मराठी पोरासाठी नाही. तसंच कन्नड मीडियमचा कोटा पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांचा, मराठी शाळेत कन्नड एक विषय म्हणून होता त्याने काय होत नाही. रुरल कोटा मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागतो, पहिली ते दहावी अशी १० वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असली पाहिजेत, नववी-दहावीला बेळगाव सिटीत आलात की गेला.

कागदपत्रांत एसएसएलसी आणि पीयूसीचे मार्क्स कार्ड, सॅट्स नंबर (शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थ्याचा नंबर), आधार, फोटो हे तर आहेच. स्टडी सर्टिफिकेट प्रत्येक शाळेचं वेगळं घ्यायचं, त्यावर कुठल्या वर्षी कुठली इयत्ता ते स्पष्ट पाहिजे आणि बीईओची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची) काउंटर साइन पाहिजे. सॅट्समध्ये जुनी वर्षं नीट चढलेली असली तर ऑनलाइनच व्हेरिफाय होतं, खरं त्यावर विसंबून राहू नका, कागद हातात असू दे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस), त्यावरचा आरडी नंबर फॉर्ममध्ये टाकायचा असतो. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटात येतो, महाराष्ट्राचा कुणबी दाखला किंवा तिकडचा कुठलाही जातीचा दाखला केईए धरत नाही. जातीच्या दाखल्याचा नमुना एससी-एसटीला फॉर्म डी, कॅटेगरी १ ला ई, २ए पासून ३बी पर्यंत एफ.

नावाचं प्रकरण वेगळंच. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मार्क्स कार्डवर आडनाव आधी, आणि कन्नडातनं इंग्लिश करताना स्पेलिंग तिसरंच. अप्पाजीचा अप्पासाहेब होतो. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर जे आहे तेच मूळ धरा आणि आधार, बँक पासबुक, पुढे पासपोर्ट सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, कारण अमेरिकेच्या ॲप्लिकेशनपर्यंत हेच नाव मागे लागतं.

महाराष्ट्राच्या बाजूनं जायचं तर तिकडे बीपीटीएचची (बीपीटीचंच तिकडचं नाव) ॲडमिशन नीटवर होते, सीईटी सेलमार्फत. तिकडे एमकेबी म्हणून वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी तरतूद आहे, त्याला गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. कुठल्या कोर्सला किती सीट ते त्या वर्षीच्या ब्रोशरात बघूनच पर्याय भरा. माझं मत विचाराल तर सीईटी आणि नीट दोन्ही द्या, अभ्यास तोच आहे, आणि दोन राज्यांचं भांडण आपल्या डोक्यावर इतकी वर्षं आहेच तर त्यातनं एखादी सीट तरी पदरात पडू दे. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, ते डीम्ड युनिव्हर्सिटीत येतं, त्यांची प्रवेशाची पद्धत आणि फी वेगळी, थेट त्यांच्याच ऑफिसात चौकशी करा. बाकी कर्नाटकातली बहुतेक कॉलेजं बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

बीपीटी आजवर ४ वर्षं आणि वर ६ महिने इंटर्नशिप असं चालत आलंय. इथं एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या मास्टर्सला मान्यता देणारी संस्था सीएएटीई, तिच्या नियमात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी हे विषय बारावीनंतरच्या लेव्हलला झालेले पाहिजेत. बीपीटीत ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी दणकून होतात, बायोकेमिस्ट्री होते, बायोमेकॅनिक्स होतं, खरं साधी केमिस्ट्री आणि फिजिक्स आपण पीयूसीतच संपवलेली असते आणि तिकडच्या कॉलेजला पीयूसीचे मार्क दाखवून भागत नाही. शिवाय बरेच प्रोग्राम स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, एक्सरसाइज फिजिओलॉजी पण मागतात. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच चार-पाच प्रोग्रामची प्रीरिक्विझिट लिस्ट (आधी झालेले पाहिजेत त्या विषयांची यादी) काढून आपल्या सिलॅबसशी ताडून बघा, बायोकेमिस्ट्रीला केमिस्ट्री आणि बायोमेकॅनिक्सला फिजिक्स धराल का असं त्यांना ईमेलवर विचारा आणि उत्तराचा प्रिंट ठेवा. नाही म्हणाले तर तेवढा विषय ऑनलाइन क्रेडिट कोर्सनं भरून काढायला हातात वेळ तरी असतो. आणि प्रत्येक वर्षाच्या सिलॅबसची कॉपी जपून ठेवा, नंतर सिलॅबस बदलतो आणि जुना कुठे मिळत नाही.

क्लिनिकलची तयारी हॉस्पिटलच्या ओपीडीत अर्धीच होते. तिथं येतात गुडघेदुखीच्या आजी आणि पॅरालिसिसचे पेशंट, ते शिकायलाच पाहिजे, खरं मैदानावर धडपडलेल्या पोराला पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं ते तिथं कळत नाही. आपल्या भागात तर कुस्ती आहे, आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा गावच्या तालमीत वस्तादांची परवानगी काढून सिनियर फिजिओसोबत बसा. खांदा निखळणं, गुडघ्याचं लिगामेंट, कान सुजून रक्त साठणं, अंगाला अंग लागून पसरणारा गजकर्ण, सगळं बघायला मिळतं. कान फुटलेला पैलवान तो मिरवतो, त्याला पहिल्याच दिवशी सूज काढून घ्यायला राजी करणं ही वेगळीच थेरपी आहे. मे महिन्यातल्या क्रिकेट-कबड्डीच्या टुर्नामेंटला उष्माघात हा खरा धोका, तिथला नियम आधी थंड पाण्यानं शरीर गार करायचं आणि मग हलवायचं, आपल्याकडे उलटं करतात, गाडीत घालून पळवत सुटतात. डोक्याला मार लागला आणि चक्कर, उलटी, विसरणं असलं काय दिसलं तर त्या दिवशी परत खेळायला सोडायचं नाही, आयोजक कितीही ओरडू दे. सीपीआर आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) याचं बीएलएस म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं सर्टिफिकेट करून ठेवा, त्याची मुदत संपते, म्हणून अर्जाच्या वर्षी रिन्यू.

केलेल्या प्रत्येक तासाची नोंद ठेवा, तारीख, ठिकाण, काय बघितलं, सही-शिक्का. बरेच प्रोग्राम सर्टिफाइड ॲथलेटिक ट्रेनरच्या हाताखालचे तास मागतात, तसा माणूस बेळगावात सापडणं मुश्किल, म्हणून स्पोर्ट्स फिजिओकडचे तास धरतील का हे पण आधीच विचारून घ्यायचं.

बऱ्याच कॉलेजांचा अर्ज एटीसीएएस नावाच्या कॉमन पोर्टलवर भरायचा, एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजं. त्याला युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्ट, त्यांचं डब्ल्यूईएसकडून (परदेशी मार्क तपासून देणारी संस्था) कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन, आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्लिशची परीक्षा, शिफारसपत्रं, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र). ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, युनिव्हर्सिटीकडे आधी अर्ज टाका आणि बाकीचं मागनं. पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), व्हिसा हे नेहमीचंच, त्यात नवीन काय नाही, फक्त बँकेत पैसे दाखवायला लागतात ते घरात आधी बोलून ठेवा.

तिकडे दोन वर्षांत क्लासबरोबर प्रीसेप्टरच्या (प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या सिनियरच्या) हाताखाली क्लिनिकल असतं, त्यात एकदा तरी सलग किमान ४ आठवडे पूर्णवेळ फक्त तेच काम. त्यानंतर बीओसी या सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाची परीक्षा आणि मग राज्याचं लायसन्स. बीओसीला सीएएटीई मान्य कोर्स केलेलेच बसू शकतात, कॅनडा, आयर्लंडसारख्या काही देशांतल्या संस्थांशी त्यांचा करार आहे, भारताशी नाही, म्हणून नुसत्या बीपीटी-एमपीटीवर ती परीक्षा देता येत नाही. एवढा खर्च परवडत नसेल तर इथलं दोन वर्षांचं स्पोर्ट्स एमपीटी करा, काम तेच आहे, पाटी वेगळी. त्याला बीपीटीचे सगळ्या वर्षांचे मार्क्स कार्ड, इंटर्नशिप कंप्लीशन आणि रजिस्ट्रेशनचे कागद लागतात, आणि हो, स्टडी सर्टिफिकेटची ओरिजिनल फाइल तेव्हा पण काढायला लागते, रद्दीत घालू नका.