काळी नव्हे, निळी!

"लग्नाला काळी कशाला? ती संक्रांतीला!" म्हणत आत्याने पैठणी बाजूला सारली. नाशिकच्या मेन रोडवरचं दुकान, वर पिवळे दिवे. पैठणी खरं तर गडद निळी होती. दारात, उन्हात नेली तेव्हा तिलाही ती निळी दिसली. आत्याचं वय ७२. "वय झालं, गोंधळते," असं घरचे म्हणाले, ते मला अजिबात पटलं नाही. गोंधळ डोक्यात नव्हता, डोळ्यातल्या भिंगात होता.

हे भिंग मोठं विलक्षण! कातडी झडते, रक्तपेशी बदलतात, पण भिंगातली जुनी पेशी कधी बाहेर पडतच नाही. कांद्यासारखे नवे थर वरून चढत जातात आणि गाभ्यात आईच्या पोटात असताना तयार झालेली प्रथिनं, म्हणजे क्रिस्टलिन, आयुष्यभर तशीच राहतात. तिथल्या पेशींत केंद्रकच नसतं, त्यामुळे खराब झालेलं प्रथिन बदलायची सोय नाही. भिंगात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनलेली, अतिनील किरण शोषणारी संयुगंही असतात. वयानुसार ती अस्थिर होऊन क्रिस्टलिनला कायमची चिकटतात. भिंग पिवळं आणि पुढे तपकिरी होतं, ते बरंचसं यामुळे. असं भिंग निळा प्रकाश अडवतं. गडद निळ्या रेशमावरून मुळात थोडाच निळा प्रकाश परततो, पिवळ्या दिव्याखाली त्याहून कमी. तोही भिंगात अडला की उरतं काळं.

मग सगळं जग पिवळं का दिसत नाही? बदल इतका सावकाश होतो की मेंदू 'पांढरं' कशाला म्हणायचं ते जुळवून घेत राहतो. एकाच डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आळीपाळीने डोळे झाकून पांढरं धोतर बघायला सांगा; ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला तेच धोतर पिवळट दिसेल.

वयानुसार डोळ्याची बाहुलीही आखडते. साठीत दृष्टिपटलावर (डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर) विशीच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, शिवाय भिंगात तो विखुरतो. तक्त्यावरची ठळक काळी अक्षरं ६/६, म्हणजे अगदी नीट, वाचणारा माणूस संध्याकाळी गोदाघाटाच्या काळ्या पायरीची कड चुकतो. असा फिकट फरक ओळखता येतो का ते तपासणाऱ्या, १९८८ च्या पेली-रॉबसन तक्त्यात अक्षरं एकाच मापाची, फक्त फिकट होत जाणारी असतात. ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

डोळ्यात मध घालून 'जाळं' कापणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. प्रथिनांना जडलेला रंग मधाने सुटत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

आत्याच्या जिन्याला कडाप्पा आहे. प्रत्येक पायरीच्या कडेला आम्ही दोन बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला.